रुजू होणे आणि रुजणे

सरकारी मराठीत एखादा कर्मचारी नव्या जागी कामाला लागला की तो ‘रुजू झाला’ असे लिहितात, आणि शेतातल्या मराठीत बियाण्याने जमिनीत मूळ धरले की ते ‘रुजले’ असे म्हणतात. कानाला सख्खे भाऊ वाटणारे हे दोन शब्द प्रत्यक्षात एका घरचे नाहीत, कारण पहिला शब्द अरबीतून आलेला असून तेथे त्याचा अर्थ परतणे किंवा वळणे असा होतो. रुजू होणाऱ्या माणसाच्या नावातच परतीची सोय करून ठेवणारी ही भाषा किती दूरदर्शी होती याचा प्रत्यय जालना जिल्ह्यातील पालकांना बहुधा दर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येतो. ज्या जिल्ह्याची बियाणे उद्योगामुळे देशभर ओळख आहे, ज्या शहराच्या लोखंडी सळयांवर दूरदूरच्या इमारती उभ्या आहेत आणि ज्याचे वर्णन जुन्या काळापासून ‘जालना, सोने का पालना’ असे केले जाते, त्या जिल्ह्यात बी रुजते, सळई टिकते आणि पाळणाही हलतो. पण शाळेचा मुख्याध्यापक रुजू होतो आणि रुजण्याआधीच उपटला जातो, ही पालकांची तक्रार आहे.

ही तक्रार केवळ जालन्याची नाही. अमेरिकेत ‘चार्टर स्कूल’ नावाचा शाळांचा एक प्रकार आहे. सरकारच्या पैशावर परंतु स्वतंत्र मंडळाच्या कारभाराखाली चालणाऱ्या या शाळांसाठीचा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटा राज्याने केला. ‘चार्टर’ या शब्दाला मराठीत ‘सनद’ हा नेमका प्रतिशब्द आहे, आणि या शाळांची सनद ठरावीक मुदतीची असून काम समाधानकारक नसेल तर तिचे नूतनीकरण होत नाही. अशा शाळेत प्राचार्य वारंवार बदलू लागले की तेथील पालक मंडळाच्या बैठकीला जातात, नाव नोंदवतात आणि घड्याळ लावून दिलेल्या मोजक्या मिनिटांत नेतृत्वाच्या स्थैर्याविषयी चिंता व्यक्त करतात. जालना जिल्ह्यात वतनांच्या आणि इनामांच्या सनदा होऊन गेल्या, सनदी अधिकारी आजही आहेत, परंतु सनदी शाळा नाहीत. चिंता मात्र तीच आहे, आणि ती व्यक्त करताना घड्याळ लावण्याची पद्धत येथे नसल्यामुळे ती अधिक सविस्तर आहे.

येथील व्यवस्था समजून घेण्यासाठी थोडा इतिहास आवश्यक ठरतो. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आज जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या आठ तालुक्यांत त्याच्या शाळा पसरलेल्या आहेत. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळेला ‘प्रशाला’ म्हणतात. हा शब्द पुण्या-मुंबईकडील वाचकाला काहीसा भारदस्त वाटतो, परंतु निजामाच्या राजवटीनंतर या भागात खासगी संस्थांचे जाळे उशिरा विणले गेल्यामुळे माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार या प्रशालांनीच उचलला आहे, त्यामुळे तो भारदस्तपणा त्यांनी कमावलेला आहे असेच म्हटले पाहिजे. गावात या शाळेच्या प्रमुखाला पूर्वी ‘मोठे गुरुजी’ म्हणत, नंतर ‘हेडमास्तर’ आणि आता सर्वांनाच ‘सर’ म्हणत असल्यामुळे ‘हेडसर’ म्हणतात. नाव दोनदा बदलले, तरी नावापेक्षा माणसे अधिक वेगाने बदलली.

मुख्याध्यापकाचे शास्त्रीय वर्गीकरण केल्यास जिल्ह्यात त्याच्या चार जाती आढळतात. पहिली जात ‘पदोन्नत’ मुख्याध्यापकाची, म्हणजे ज्येष्ठता यादीतून रीतसर वर आलेल्या आणि आदेशावर नाव असलेल्या माणसाची. ही जात दुर्मीळ असून पाहायला मिळाल्यास गावकरी तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात. दुसरी जात ‘प्रभारी’ मुख्याध्यापकाची, म्हणजे त्याच शाळेतील असा शिक्षक की जो वर्गही शिकवतो, कार्यालयही चालवतो आणि दोन्हीकडे एकाच वेळी अनुपस्थित असल्याचा आरोप सहन करतो. तिसरी जात ‘अतिरिक्त कार्यभार’ असलेल्याची, जो मूळचा शेजारच्या शाळेचा असून या शाळेत मुख्यतः दुचाकीवर दिसतो. चौथी जात केवळ कागदावर आढळते, कारण त्या माणसाची या शाळेवर नेमणूक असली तरी त्याची सेवा दुसऱ्या कार्यालयाने मागून घेतलेली असते, ज्याला ‘प्रतिनियुक्ती’ म्हणतात. या चौघांपैकी दुसरा प्रकार सर्वाधिक टिकाऊ आहे, ही गोष्ट ‘प्रभारी’ या शब्दाच्या कोशातील अर्थाशी विसंगत असली तरी अनुभवाशी सुसंगत आहे. तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था आपल्याकडे किती चिवट असते हे गावच्या पुलाशेजारी काढून दिलेल्या कच्च्या वळणरस्त्यावरूनही कळते.

पदोन्नत मुख्याध्यापक दुर्मीळ का झाला, याची कारणे मानवी स्वभावात आणि वेतनश्रेणीत सारख्याच प्रमाणात आहेत. प्राथमिक शिक्षकाला बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, जिला शिक्षकवर्गात तिच्या शिफारशीशी संबंधित आयोगाच्या अध्यक्षांच्या नावाने ‘चटोपाध्याय’ असेच म्हणतात. ‘तुम्हाला चटोपाध्याय लागले का?’ हा प्रश्न ऐकून परक्या माणसाला एखाद्या बंगाली व्याधीची शंका यावी. ही श्रेणी आधीच मिळालेली असल्यामुळे बढतीने पगारात पडणारी भर मामुली असते, परंतु पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, गळक्या वर्गखोलीचा प्रस्ताव, शौचालयाचे छायाचित्र, ऑनलाइन माहितीचे रकाने आणि ‘आजच्या आज, अत्यंत तातडीचे’ असा शेरा असलेले संदेश यांत पडणारी भर मात्र भरघोस असते. साहजिकच अनेक ज्येष्ठ शिक्षक लेखी देऊन पदोन्नती नाकारतात, आणि जे स्वीकारतात त्यांची ज्येष्ठता इतकी परिपक्व झालेली असते की अठ्ठावन्नाव्या वर्षी येणारी सेवानिवृत्ती त्यांच्या स्वागतसमारंभातच मागच्या रांगेत येऊन बसलेली असते. अशा प्रसंगी गावाने स्वागताची आणि निरोपाची शाल एकदमच खरेदी करावी, असा काटकसरीचा विचार पालकांपैकी एखाद्याच्या मनात आल्यास तो अरसिक ठरवता येणार नाही.

दुसरे कारण बदल्यांचे आहे. पूर्वी शिक्षकांच्या बदल्या जिल्हा पातळीवर समोरासमोर होत आणि त्यांत वशिला चालतो अशी ओरड होती. म्हणून २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने त्या संगणकावर नेण्यात आल्या आणि २०१८ साली राज्यभर त्यांचा पहिला मोठा प्रयोग झाला. जिल्ह्यातील गावे ‘सर्वसाधारण’ आणि ‘अवघड’ अशा दोन क्षेत्रांत विभागली गेली, शिक्षकांचे संवर्ग पडले, पसंतीच्या वीस शाळांचे अर्ज भरले गेले, आणि वरच्या संवर्गातील एखाद्याने आपली जागा मागितली की ‘खो बसला’ असे म्हणण्याची पद्धत शिक्षकांत रूढ झाली. खो-खो हा मराठी मातीतला खेळ असल्यामुळे उपमा अचूक होती. फरक इतकाच की मैदानावर खो मिळालेला गडी कोणत्या दिशेने पळायचे हे स्वतः ठरवतो, आणि येथे ते संगणक ठरवतो. ज्यांना मागितलेल्यांपैकी एकही शाळा मिळाली नाही त्यांना ‘विस्थापित’ म्हटले गेले. धरण न बांधता विस्थापित निर्माण करण्याची किमया त्या वर्षी साधली गेली. वशिला कमी झाला हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते, परंतु पालकांच्या दृष्टीने परिणाम एवढाच झाला की पूर्वी गुरुजी कोणामुळे गेले हे गावाला ठाऊक असे आणि शिव्या देण्यासाठी एक नाव उपलब्ध असे. आता ते एका प्रणालीमुळे जातात आणि प्रणालीला शिव्या लागत नाहीत. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, आणि ‘सावधान’ हा शब्द ऐकताच त्यांनी लग्नमंडप सोडल्याची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. त्या परंपरेशी ‘पोर्टल सुरू झाले’ हे शब्द ऐकताच शाळेत होणाऱ्या चलबिचलीचे नाते जोडण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण समर्थांना परत येण्यासाठी तीन वर्षांची अट नव्हती आणि पती-पत्नी एकत्रीकरणाचा प्रश्न तर त्यांनी मुळातच सोडवला होता.

मुख्याध्यापक गेला की ‘चार्ज’ नावाचा विधी सुरू होतो. चार्ज म्हणजे कार्यभाराची देवाणघेवाण, आणि यात जाणारा माणूस येणाऱ्याच्या हाती कपाटाची किल्ली, गोल शिक्का, प्रवेश-निर्गम नोंदवही, रोजकीर्द आणि जडसंग्रह नोंदवही सोपवतो. या शेवटच्या वहीला सगळे ‘डेडस्टॉक’ म्हणतात आणि तीत शाळेतील प्रत्येक टिकाऊ वस्तूची नोंद असते. त्या वहीत पायमोडक्या खुर्च्या, बंद पडलेला दूरदर्शन संच आणि एक जगाचा गोल असतो, ज्यावर सोव्हिएत संघ अद्याप अखंड आढळल्यास आश्चर्य वाटू नये. या सर्व वस्तू वीस-वीस वर्षे शाळा सोडून गेलेल्या नसतात आणि त्यांपैकी एकीनेही बदलीचा अर्ज केलेला नसतो. मुख्याध्यापकाची नोंद या वहीत नसते हे खरे, परंतु टिकाऊ वस्तूंची वही म्हटल्यावर ती तेथे शोभलीही नसती. येणाऱ्याला यादी जुळवून घ्यावी लागते, आणि मोजणीत एक घमेले कमी भरले की दोन सुशिक्षित माणसांत आठवडाभर पत्रव्यवहार होतो. त्यानंतर बँकेचे प्रकरण येते. शाळेचे खाते व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आणि सचिव या नात्याने मुख्याध्यापक अशा दोघांच्या सहीने चालते, त्यामुळे माणूस बदलला की ठराव, ठरावाची प्रत, ओळखपत्रे आणि नमुना सह्या अशी मिरवणूक पुन्हा बँकेत जाते, आणि सही बदलून होईपर्यंत खडूचेही पैसे निघत नाहीत. पालकांना ‘नेतृत्वाचे अस्थैर्य’ हा शब्दप्रयोग अवगत नसेल. परंतु दाखला मागायला गेले असता ‘शिक्का आहे, सही नाही’ आणि पुढच्या महिन्यात ‘सही आहे, शिक्का कपाटात आहे, किल्ली जुन्या सरांकडे आहे’ हे उत्तर मिळाले की त्यांना त्याचा आशय पूर्णपणे समजतो.

पालकांनी या बाबतीत बोलावे की नाही, याविषयी कायद्याला शंका नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यातील कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतो. समितीने शाळेच्या कामावर देखरेख ठेवायची आणि शाळेचा विकास आराखडाही तयार करायचा असतो. म्हणजे कागदावर जालन्याच्या वस्तीशाळेतील पालक अमेरिकेतील सनदी शाळेच्या पालकाहून वरचढ आहे, कारण तो मंडळापुढे बोलायला जात नाही. मंडळ तोच आहे. अडचण एवढीच की हे मंडळ शाळेच्या भिंतीचा रंग ठरवू शकते, सहलीची तारीख ठरवू शकते, पण मुख्याध्यापक ठरवू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. घराचा कर्ता म्हणून सत्कार व्हावा आणि घरजावई मात्र सरकारने पाठवावा व सरकारनेच परत बोलवावा, असा हा कर्तेपणा आहे. त्यातही समितीची मुदत दोन वर्षांची आणि पाल्य शाळेतून बाहेर पडले की पालकाचे सदस्यत्वही सुटते. त्यामुळे मुख्याध्यापकाला समितीचे कायदे समजेपर्यंत समिती बदलते आणि समितीला मुख्याध्यापकाचा स्वभाव समजेपर्यंत मुख्याध्यापक बदलतो.

म्हणून चिंता व्यक्त करण्याचे अन्य मार्ग विकसित झाले, आणि त्यांचा क्रम एखाद्या रागाच्या विस्तारासारखा ठरलेला आहे. आलाप म्हणजे ‘निवेदन’. ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या प्रमुखांना, द्यायचे असते, आणि ते एका माणसाला उचलता येण्याजोगे असले तरी छायाचित्रात दहा जणांनी त्याला हात लावलेला असतो. निवेदनाच्या शेवटी ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ हे वाक्य असते, जे पत्राच्या ‘आपला विश्वासू’ इतकेच औपचारिक समजले जाते. जोड म्हणजे शाळेला कुलूप ठोकणे; यात कुलूप बहुधा शाळेचेच असते आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न पुन्हा उद्भवतो. झाला म्हणजे मुलांना घेऊन पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आवारात जाऊन तेथेच शाळा भरवणे. हा मराठवाड्याच्या आंदोलनशास्त्राला अतिशय मानवलेला प्रकार आहे, कारण त्यात मुलांचा अभ्यासही बुडत नाही आणि अधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर पाढ्यांचा जो गजर होतो त्यामुळे फायलीवरील लक्ष उडून ते निदान शिक्षणाकडे वळते. क्वचित उपोषणापर्यंत वेळ येते. परंतु मोसंबीसाठी भौगोलिक मानांकन मिळवलेल्या या जिल्ह्यात उपोषण सोडण्याच्या रसाला तोटा नसल्यामुळे त्याची सांगता स्थानिक उत्पादनानेच होते. या साऱ्यातून जे मिळते त्याला ‘आश्वासन’ म्हणतात. आठ दिवसांत शिक्षक देतो, असे त्याचे स्वरूप असते, आणि आठ दिवसांनी खरोखर एक शिक्षक येतो. तो शेजारच्या गावातून काढून आणलेला असल्यामुळे पुढील निवेदन शेजारच्या गावातून येते.

शिडीच्या वरच्या पायऱ्यांकडे पाहिल्यास पालकांची चिंता अधिकच शास्त्रशुद्ध वाटू लागते. अनेक शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखाचे पद रिकामे असले की तेथेही प्रभारी असतो आणि तो बहुधा एखाद्या शाळेचा मुख्याध्यापकच असतो, म्हणजे एक प्रभार भरण्यासाठी दुसरा प्रभार उत्पन्न होतो. खुद्द जिल्हा परिषदेच्या लोकनियुक्त सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्यामुळे पुढे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक म्हणजे राज्यशास्त्राच्या भाषेत संपूर्ण जिल्हा परिषदेचा प्रभारी. अशा स्थितीत वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेने कायम मुख्याध्यापक मागणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहण्यासारखे आहे. पुढे १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने शाळा ‘दत्तक’ घेण्याची योजना आली, जीत देणगीदाराला पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घेता येते. मुदतीचे दत्तकविधान ही धर्मशास्त्राला अपरिचित असलेली कल्पना आहे, परंतु तिच्यावर टीका करण्याआधी पालक वेगळाच हिशेब करतात: दत्तक घेणारा संगणक देईल, बाके देईल, रंग देईल, पण मुख्याध्यापक देऊ शकणार नाही, कारण रोख रकमेप्रमाणेच ही वस्तूही त्या योजनेत बसत नाही.

निःपक्ष विवेचनासाठी पालकांच्या स्वतःच्या स्थैर्याचीही तपासणी व्हायला हवी. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्याच्या अनेक गावांतून ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात, कोयता घेतलेल्या जोडप्याबरोबर पोरेही जातात, आणि चिंता व्यक्त करणारा पालकच सहा महिने पश्चिम महाराष्ट्राच्या फडात असतो. जो गावात राहतो त्यातला ऐपतदार पालक पाल्याचे नाव काढून ते तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतो आणि पिवळी गाडी दारात आल्यावर मराठी शाळेच्या भवितव्याविषयी त्याला वाटणारी काळजी अधिकच तात्त्विक होते. पट कमी झाला की पद जाते. कारण शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेपेक्षा अधिक आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरपेक्षा अधिक मुले असल्याशिवाय स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद नाही. मुख्याध्यापक टिकत नाही म्हणून मुले जातात आणि मुले जातात म्हणून मुख्याध्यापकाचे पद टिकत नाही. या वर्तुळात आधी कोण हलले याचा निवाडा पारावर अनेकदा सुरू झाला असला तरी चहा येईपर्यंतच टिकलेला आहे.

बहुतेक जुन्या शाळांच्या कार्यालयात एक लाकडी फलक असतो आणि त्यावर ‘मुख्याध्यापकांचा कार्यकाळ’ अशा मथळ्याखाली तीन रकाने रंगवलेले असतात: नाव, पासून, पर्यंत. हा फलक काळजीपूर्वक वाचल्यास वरच्या ओळींत एकेका नावापुढे आठ-दहा वर्षे आढळतात, खाली येता येता वर्षांचे महिने होतात आणि रंगाऱ्याची अक्षरे बारीक होत जातात, कारण जागा संपत आलेली असते. अधिक बारकाईने पाहिल्यास आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे एका नावाचे ‘पर्यंत’ आणि पुढच्या नावाचे ‘पासून’ यांत कधी वर्षाचे, कधी तीन वर्षांचे अंतर असते. प्रभारीचे नाव फलकावर लिहिण्याचा रिवाज अनेक ठिकाणी नाही. फलकावरून इतिहास लिहिणारा संशोधक त्या काळात शाळा बंद होती असा निष्कर्ष काढील. प्रत्यक्षात त्या काळात घंटा झाली, खिचडी शिजली, दाखले निघाले, तिसरी आणि चौथीचे वर्ग एकाच बाईंनी एका डोळ्याने सांभाळले आणि दुसऱ्या डोळ्याने तांदळाची पोती मोजली. पालकांना त्या बाईंचे नाव ठाऊक असते, कारण निवेदन घेऊन ते प्रथम त्यांच्याच टेबलापाशी गेलेले असतात, आणि मुख्याध्यापक मिळावा या निवेदनाची पोच शिक्का मारून त्याच देतात.